अकरा मिलिमीटरची चीर

खंडेनवमीला आमच्याकडे दोन पाट मांडतात. एकावर जिनिंगची अवजारं असतात: पाने, ग्रीसची पिचकारी, विळा, काट्याचं वीस किलोचं वजन. दुसऱ्यावर माझं परवान्याचं पिस्तूल असायचं. मॅगझिन काढलेलं, काडतुसं कपाटात, आणि आत एकही गोळी नाही हे मी दोनदा पाहिलेलं. पाण्यात कालवलेलं कुंकू लोखंडाला लावू नये, गंज धरतो, असं लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मी बायकोला सांगितलं होतं. तेव्हापासून या दोन पाटांपुरतं ती कुंकू गोडेतेलात कालवते. शेजारच्या बायका तिला यावरून हसत.

त्या वर्षी पूजा आटोपल्यावर दुपारी मी पिस्तूल पुसायला घेतलं. वरच्या भागावर एक तांबडी रेघ राहिली होती. पुन्हा पुसली, गेली. चहा पिऊन आलो तर रेघ परत तिथेच, केसाएवढी बारीक. तिसऱ्यांदा पुसली. पंधरा मिनिटांनी परत आली.

"तुम्हाला पुसता येत नाही नीट," म्हणून बायकोने फडकं हातातून घेतलं. रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या कापडाने खसखसून घासलं आणि पाटावर ठेवून दिलं. थोड्या वेळाने तिनेच हाक मारली. "अहो, या बरं इकडे. हे वरून नाही लागलेलं. हे आतून येऊन राह्यलं."

कापसाचा धागा पाहायचं भिंग घरात होतंच. ते लावून पाहिलं. तो डाग नव्हता, चीर होती. तेलाबरोबर कुंकू चिरेत उतरलं होतं आणि पुसलं की आतलं हळूहळू वर येत होतं. पोलादी पट्टीने मोजलं, अकरा मिलिमीटर. उलटून दुसरी बाजू पाहिली. तिथेही चार मिलिमीटरची होती, अजून लहान, पण त्याच जागी.

पिस्तुलाचा वरचा भाग म्हणजे स्लाइड. गोळी सुटली की ती झटक्यात मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुन्हा पुढे जाते. मागे येते म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने येते. हे मला बारा वर्षं माहीत होतं, पण त्याचा विचार मी त्या दुपारी पहिल्यांदा केला. कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि दसऱ्याला मला बार काढायचा होता.

बार काढण्याचं सांगायला हवं. आमचं उमरखेडला कापसातली सरकी काढायचं लहानसं जिनिंग. कापूस खरेदीचा मुहूर्त दसऱ्याला व्हायचा. पहिल्या गाडीची पूजा झाली की वडील आपल्या बारा बोअरच्या बंदुकीने आभाळात एक बार काढत. ते गेल्यावर बंदूक सरकारजमा झाली आणि ती रीत माझ्या पिस्तुलावर आली. हे कायद्यात बसत नाही. मला ते माहीत होतं, तरी मी करत होतो. अकरा दसऱ्यांना अकरा गोळ्या मी वर सोडल्या आणि त्या कुठे पडल्या हे मला आजही सांगता येणार नाही.

पिस्तुलाचा परवाना घेतला तो बार काढण्यासाठी नव्हे. हंगामात आठवड्यातून दोन दिवस मी फुलसावंगीला खरेदीला बसायचो. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, रोख असायचा. ती पैशांची पिशवी घेऊन जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर. मोठ्या भावाने आग्रह करून मला परवान्याचा अर्ज करायला लावला. पिस्तूल जुनं घेतलं, एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडून, रीतसर. "फारसं वापरलं नाही," असं तो म्हणाला होता. माझ्या हातून तेवीस गोळ्या गेल्या होत्या, अकरा मुहूर्ताच्या आणि बारा चाचणीच्या. त्याच्या हातून किती गेल्या, हा आकडा मी विचारला नव्हता.

संध्याकाळी भाऊ आला. मी त्याला भिंग दिलं. त्याने पाहिलं, भिंग खाली ठेवलं.

"मंग?"

"मंग उद्या बार नाही."

"एका बारानं काय होते बे? अकरा वर्षं काढला ना?"

"अकरा वर्षं चीर होती का नव्हती, मले माहीत नाही. आज आहे."

"केसाएवढी तर आहे!"

"दादा, केसाएवढी वरून दिसते. आत किती आहे कोणाले माहीत?"

"दे इकडं. मी काढतो बार. तुले भेव वाटते तर तू लांब उभा राह्य."

"परवाना माह्या नावावर आहे."

"लेका, तू परवाना घेऊनच वर जाशील!" तो उठला. दारातून परत वळून म्हणाला, "भाव असे पडलेले. लोकं आधीच तापून बसले. अन् यंदाच आपला बार निघाला नाही तर गावात काय म्हणतीन? जिनिंगवाल्याचा फुसका बार!"

मी पिस्तूल लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

दसऱ्याला जिनिंगच्या आवारात शंभरेक माणसं होती. पहिली बैलगाडी आली, भावाने बैलांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बार काढ म्हणून माझ्याकडे हात केला. मी नकारार्थी मान हलवली. सगळे वर बघत उभे होते. हमालांचा मुकादम मोठ्याने म्हणाला, "काहून मालक, यंदा बार दिवाळीवर ढकलला का?" हसू पसरलं. भावाचं तोंड लाल झालं.

मुकादमानेच मग वेळ निभावली. कोणाकडून तरी सुतळी बॉम्ब आणला, तेलाच्या रिकाम्या डब्याखाली ठेवला आणि पेटवला. डबा शेडच्या पत्र्यापेक्षा वर उडाला. गाडीचे बैल बिथरले आणि गाडी फाटकापर्यंत पळाली. मुहूर्ताचा अर्धा कापूस मातीत सांडला. माणसं पोट धरून हसली. कापूस वेचायला भाऊही वाकला, वाकल्या वाकल्या हसला, पण माझ्याशी तीन दिवस बोलला नाही.

चौथ्या दिवशी बोलला तो एवढंच: "मिस्त्रीले दाखव. तो बुजवून देईन."

हा मिस्त्री म्हणजे आमच्या गावातला लेथवाला. जिनिंगचे रूळ, शाफ्ट, सगळं त्याच्याकडेच व्हायचं. पण परवाना नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार देता येत नाही, आणि दुरुस्तीही परवान्याच्या कारागिराकडेच करावी लागते. म्हणून मी मापं घेऊन कागदावर स्लाइडचं चित्र काढलं, चीर तांबड्या शाईने दाखवली आणि तो कागद घेऊन गेलो.

मिस्त्रीने कागद उलटासुलटा केला. "साहेब, कागदाले वेल्डिंग कसं मारू?"

"मारायचं नाही. मारलं तर टिकेल का, ते सांग."

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "तुमचा दोन नंबरचा शाफ्ट आठवते? चीर गेलती. मी नको म्हणत होतो, दादानं वेल्डिंग मारून घेतलं."

"आठवते. एकोणीस दिवस चालला."

"तुटला कुठं?"

मला आठवलं. जोड तसाच होता. शाफ्ट जोडाच्या बोटभर बाजूला तुटला होता.

"जोड मजबूत होते साहेब, पण बाजूचं लोखंड तापून मरते. अन् हे पोलाद कोणतं, त्याले पाणी कसं दिलं, मले काय ठाव? शाफ्ट तुटला त मशीन बंद पडली. हे तुटलं त सरळ तुमच्या डोळ्यात. मी हात नाही लावत. माह्यापाशी नका आणू, अन् दुसऱ्यापाशीबी नका नेऊ."

ज्याला या कामाचे पैसे मिळणार होते त्याने नाही म्हटलं, म्हणून मला बरं वाटलं. दुरुस्तीचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला. राहिला बदलण्याचा.

पुढच्या सोमवारी मी यवतमाळला गेलो. तिथल्या बंदुकीच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, दाराकडे उजेडात धरलं आणि बराच वेळ काही दिसेना म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी स्लाइड उतरवून रॉकेलमध्ये बुडवली, कोरडी पुसली, तिच्यावर खडूची भुकटी चोळली आणि आम्ही दोघं वाट पाहत बसलो. पांढऱ्या भुकटीवर एक ओली रेघ हळूहळू उमटली.

"सही है," ते म्हणाले. "आपने कैसे देखा? नंगी आँख से तो मुझे भी नहीं दिखा."

मी तेलातल्या कुंकवाचं सांगितलं. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतल्या खोलीत कानशी चालवणाऱ्या कारागिराला त्यांनी ओरडून सांगितलं, "सुन रे! अब खडू बंद कर, कुंकू ले आ!" मग गंभीर होऊन माझ्याकडे वळले. "साहेब, घरी जाऊन वहिनीले साडी घ्या. ही स्लाइड एक बार काढते का दहा, कोणी नाही सांगू शकत. पण ती जाणार, हे पक्कं."

वेल्डिंगचं नाव काढताच त्यांनी कानाला हात लावला. नवी स्लाइड बसवता येईल, पण ती बाजारातून उचलून आणायची वस्तू नव्हे. कारखान्याला लिहायचं, परवाना दाखवायचा, जुनी स्लाइड जमा करायची, नव्यावर पिस्तुलाचा नंबर टाकून घ्यायचा. चार-सहा महिने धरा, ते म्हणाले. तोवर पिस्तूल दुकानात ठेवून पावती घेता येत होती. मी पावती घेतली, दोनदा वाचली, नंबर परवान्याशी ताडून पाहिला आणि निघालो.

म्हणजे तो हंगाम मला पिस्तुलाशिवाय काढायचा होता.

फुलसावंगीची पहिली खेप मला नीट आठवते. उमरखेडपासून तिथपर्यंत मी सात वेळा कमरेला हात लावला. खरेदीची जागा म्हणजे भाड्याने घेतलेली शेड, काटा, एक टेबल आणि चार खुर्च्या. भाव मी ठरवत नव्हतो, वरून येई तो तोंडाने सांगत होतो. पण त्या वर्षांत तो सांगायला तोंड धजत नसे. मागच्या वर्षीपेक्षा कमी, त्याआधीच्या वर्षीपेक्षा त्याहून कमी, असं चाललं होतं. मी भाव सांगायचो, समोरचा एकदा "इतकाच?" म्हणायचा, आणि गाडी काट्यावर घ्यायचा. माझा हिशेब चोख असतो, ओल किती आणि किडक्या बोंडांची कवडी किती हे मी कारणासकट सांगतो, म्हणून लोकांना पटतं, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी पुढे आले. दरवर्षीचे, ओळखीचे. माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.

"काहून साहेब, आज कंबर हलकी दिसून राह्यली?"

"दुरुस्तीला दिलं."

"कंबर?"

शेडमधली सगळी माणसं हसली. मीही हसलो. मग त्यांनी माझ्या उजव्या बाजूची खुर्ची ओढली आणि आरामात बसले.

"एवढ्या वर्षांत या खुर्चीवर कोनी बसलं का? सांगा बरं."

मी आठवून पाहिलं. डावीकडच्या आणि समोरच्या खुर्च्या नेहमी भरलेल्या असत. उजवीकडची रिकामी असायची. "मला वाटलं तिचा पाय डुगडुगतो," मी म्हणालो.

"पाय ठीक आहे तिचा. त्या बाजूनं तुमचं पिस्तूल लटके. पोराबाळांचा धनी माणूस कायले बसन तिथं?" असं म्हणून त्यांनी टेबलावरचा माझा कापसाचा नमुना उचलला. "आता सांगा. ओल कशी धरली तुम्ही? हा कापूस दोन दिवस वाळवला म्या."

त्या एका गाडीवर आम्ही पाऊण तास भांडलो. त्यांनी मूठ दाबून दाखवली, मी सरकी फोडून दाखवली. बाकीचेही बोलू लागले. आवाज चढले, एकाने मला चोर म्हटलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं. शेवटी मी ओलीची कपात थोडी कमी केली, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. माझा अंदाज चुकला होता. आधीच्या वर्षांत तो किती वेळा चुकला असेल, आणि कोणी बोललं नसेल, हा आकडा माझ्याकडे नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

पण परत येताना मला लक्षात आलं की वाटेवरच्या महागावपासून पुढे मी एकदाही कंबर चाचपली नव्हती. ज्याची भीती होती ते झालं होतं. लोक चिडले होते, मी निःशस्त्र होतो, आणि मी घरी चाललो होतो.

त्या हंगामात मी सत्तावीस खेपा केल्या. त्यातल्या कुठल्याच खेपेला मला पिस्तुलाची गरज पडली नाही. होळीच्या सुमाराला चाचांचा निरोप आला. कारखान्याचं पत्र आलंय, स्लाइड मिळेल, पुढे जायचं की नाही ते कळवा.

मी भावाला सांगितलं की मी बदलून घेणार नाही. परवानाच परत करतो.

तो जेवत होता. हातातला घास ताटात ठेवला. "डोकं फिरलं का तुहं? लोकं परवान्यासाठी चपला झिजवून राह्यले, अन् तू परत देतं? एकदा गेला की भेटत नाही मंग."

"दादा, सत्तावीस खेपा मी तसाच गेलतो."

"नशीब होतं."

"सत्तावीस वेळा?"

"हाव, सत्तावीस वेळा! तू मोजत बस. तू तिकडं मोजतं, अन् मी इकडं फाटकात उभा राह्यतो. तुही जीप दिसेपर्यंत मले पाणी गोड लागत नाही. पिस्तूल होतं तवा निदान दुपारचा डोळा तरी लागे."

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मला वाटत होतं की ते पिस्तूल आणि तो बार त्याला रुबाबासाठी हवेत. वहिनी ताटात भाजी वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "मंग पुढच्या साली तुम्हीबी जा सोबत. फाटकात उभं राहून तरी काय करता?"

भावाने घास उचलला. बराच वेळ चावला. "पहा बावा," म्हणाला. आमच्या घरात एवढं पुरतं.

परवाना परत करणं सोपं नव्हतं. त्यासाठी यवतमाळच्या तीन चकरा झाल्या. खिडकीतल्या बाबूला नवीन परवान्याचा अर्ज, नूतनीकरणाचा अर्ज, वारसाचा अर्ज, सगळे माहीत होते. परत करणाऱ्याची फाइल कुठली, हे त्याला विचारून यावं लागलं. "हरवलं तर नाही ना? की काही केस झाली?" त्याने संशयाने विचारलं. चाचांकडचं पिस्तूल सोडवून मी पोलीस ठाण्यात जमा केलं होतं, त्याची पावती पुढे केली. अर्जात कारणाची जागा रिकामी होती. त्याने पेनाने टकटक केलं, "इथं लिहा." मी लिहिलं, 'आवश्यकता नाही'. त्याने वाचलं, शिक्का मारला, आणि मी बाहेर आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

दोनची नांदेडची बस मिळाली. खिडकीची जागा होती. पिस्तूल जवळ असताना मी बसमध्ये कधी डोळा मिटला नव्हता. कोणी धक्का दिला, कोणी अंगावर रेललं, की हात कमरेवर जायचा. त्या दिवशी आर्णी गेल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

जाग आली ती कंडक्टरच्या आवाजाने. "काका, तिकीट कुठलं तुमचं?"

"उमरखेड."

"उमरखेड जाऊन अर्धा तास झाला ना! मी दोनदा ओरडलो. नदी ओलांडली आपण, मराठवाड्यात आहे तुम्ही आता."

मी हदगावला उतरलो. साडेपाच वाजले होते. स्टँडसमोर एसटीडीचं दुकान होतं. घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला भावाने उचलला.

"कुठं आहे? चारची गाडी येऊन गेली! काय झालं?"

"काही नाही दादा. झोप लागली. हदगावले आलो."

मग तो कोणाला तरी सांगताना ऐकू आला, "झोपला म्हणते! हदगावले गेला झोपून!" आणि मागून बायकोचं आणि वहिनींचं हसू.

"मी परतीची गाडी पकडतो," मी म्हणालो.

"कायची गाडी? तिथंच थांब. मी जीप घेऊन येतो."

"कायले उगाच डिझेल जाळतं? गाडी आहे सहाची."

"थांब म्हटलं ना लेका. तू गाडीत बसशील अन् पुन्हा झोपशील. मंग तुले यवतमाळाहून आणावं लागन."

मी फोनचे पैसे दिले. समोरच्या हॉटेलात गरम भजी निघत होती. एक प्लेट घेतली, बाकावर बसलो आणि पुलाकडून येणारा रस्ता दिसेल अशी मान करून खाऊ लागलो.